ऑनलाइन प्रचार आणि कोकणातला मतदार : अभ्यासाला बसण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्र, पत्रकारिता किंवा समाजशास्त्र शिकणारी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडची मुलं निवडणुका जवळ आल्या की फिल्ड प्रोजेक्टसाठी हमखास हाच विषय घेतात. शिक्षकही येतात, अधूनमधून एखादा पत्रकारही विचारतो. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

ऑनलाइन प्रचारानं मत फिरतं का? एका शब्दात सांगा.

क्वचित.

आता जरा सविस्तर. हा प्रश्न मोबाइलच्याही आधीचा आहे. 1940 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मतदारांना महिन्यामहिन्यानं भेटून, रेडिओ आणि वर्तमानपत्रांचा मतावर काय परिणाम होतो ते तपासलं. बहुतेकांचं आधीच ठरलेलं निघालं. ज्यांचं बदललं, त्यांनी रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांची नावं जास्त घेतली. बातमी आधी चार जाणत्या माणसांकडे जाते आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांकडे, असा दोन टप्प्यांचा सिद्धांत त्यातून पुढे आला. कोकणातल्या कुठल्याही वाडीत हे सांगितलं तर लोक म्हणतील, यात नवीन काय?

पुढचा मोठा प्रयोग फेसबुकवरचा. 2 नोव्हेंबर 2010 रोजी अमेरिकेत मतदान होतं, त्या दिवशी सुमारे 6 कोटी 10 लाख वापरकर्त्यांवर तो झाला. काहींना नुसतं ‘आज मतदान आहे’ असं दाखवलं, तर काहींना त्यासोबत मत देऊन आलेल्या मित्रांचे चेहरेही दाखवले. 2012 मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आले. नुसत्या संदेशानं मतदान वाढलं नाही, चेहऱ्यांनी वाढलं. थेट आणि मित्रांमार्फत मिळून सुमारे 3 लाख 40 हजार जादा मतं पडली असा संशोधकांचा अंदाज होता. नीट पाहिलंत तर हा परिणाम मतदानाला जाण्या-न जाण्यावरचा आहे, कुणाला मत दिलं यावरचा नाही.

मत फिरवण्याबद्दल 2018 मध्ये जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी 49 प्रयोग एकत्र करून पाहिले. सार्वत्रिक निवडणुकीत पत्रकं, फोन, घरभेटी अशा प्रचाराचा मत बदलण्यावरचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीआधी सुमारे 35 हजार लोकांच्या प्रयोगात त्यांतल्या काहींचं फेसबुक किंवा इन्स्टाग्राम काही आठवडे बंद ठेवून पाहिलं, तेव्हाही त्यांच्या राजकीय मतांत फारसा फरक पडला नाही.

मग पक्ष एवढा पैसा कशाला ओततात? ते काय खुळे आहेत?

अजिबात नाहीत. मत फिरवणं हे प्रचाराचं एक काम झालं. आपल्या माणसांना घराबाहेर काढणं, कार्यकर्त्यांना चर्चेसाठी रोज नवा दारूगोळा पुरवणं, चर्चेचा विषय आपल्याला सोयीचा ठेवणं, विरोधकांच्या कार्यकर्त्यांना हिरमुसलं करणं ही बाकीची. नाणार–बारसू रिफायनरीचा विषय घ्या. राजापूर तालुक्यात तो वर्षानुवर्षं सभांमध्ये, बाजारात आणि फोनवर फिरतो आहे. एखाद्या रीलनं कुणी समर्थकाचा विरोधक झाला असेल असं मला वाटत नाही. पण निवडणुकीत बोलायचं कशावर, रोजगारावर की जमिनीवर, हे ठरवण्यात त्या रीलचा वाटा असू शकतो. तो मोजता येतो. मत फिरलं का ते मोजण्याच्या मानानं सोपंही आहे.

आणखी एक कारण साधं आहे. समोरचा करतो, म्हणून आपणही करायचं.

अमेरिकेतले निष्कर्ष इथे कसे लागू करायचे?

जसेच्या तसे नाही. तिथे पक्ष दोन, चिन्हं ठरलेली आणि मतदार पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला. आपल्याकडे 2022 मध्ये शिवसेना फुटली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. मतदारसंघांच्या फेररचनेत रत्नागिरी–सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघ तयार झाल्यापासून तिथे प्रत्येक वेळी धनुष्यबाण होता. 7 मे 2024 ला मतदार यंत्रासमोर उभा राहिला तेव्हा तो नव्हता. लढत होती नारायण राणे यांचं कमळ आणि विनायक राऊत यांची मशाल यांच्यात. आयुष्यभर एकच चिन्ह दाबलेल्या सत्तर वर्षांच्या मतदाराला ‘आपलं’ चिन्ह कोणतं हे कुणीतरी सांगावंच लागलं. कुणी सांगितलं? शाखेतल्या माणसानं, नातवाच्या स्टेटसनं, भिंतीवरच्या पोस्टरनं की मुंबईहून आलेल्या फोननं?

माझ्या मते कोकणातल्या विद्यार्थ्यानं घ्यावा असा हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तो छोटा आहे, तपासता येतो, आणि उत्तर देताना माणसाला आपलं मत उघड करावं लागत नाही.

कोकणाचं वेगळेपण ते काय? ऑनलाइन प्रचार सगळीकडे सारखाच की.

प्रचार सारखाच असतो, तो पोहोचण्याची वाट वेगळी. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात 1036. कमी पडलेले पुरुष कुठे आहेत हे कोकणात कुणाला सांगायला नको. चाकरमानी मुंबई, ठाणे, विरार, नालासोपाऱ्यात राहतो. त्याचा फोन चांगला, नेट भरपूर, आणि लोकलमध्ये वेळच वेळ. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलतो तोच. गावात राहणाऱ्यांपैकी निम्मे ‘सीन’ करून गप्प बसतात.

म्हणजे वाडीच्या ग्रुपमधली राजकीय हवा बऱ्याचदा अशा माणसांची असते, ज्यांचं मत त्या बूथवर पडतच नाही. काहींची नावं अजून गावच्या यादीत आहेत, काहींची मुंबईच्या, आणि काहींची दोन्हीकडे. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असायला हवं, तो भाग वेगळा. अभ्यासक ग्रुपवरचे मेसेज मोजतो आणि ‘गावाचा कल’ म्हणून लिहितो, तेव्हा प्रत्यक्षात तो विरार किंवा नालासोपाऱ्याचा कल लिहीत असतो.

पण म्हणून चाकरमान्याला वगळू नका. घर चालतं त्याच्या पैशावर, आणि तो फोनवर आईला जे सांगतो त्याला वजन असतं. लाझार्सफेल्डचा जाणता माणूस गावातच राहायचा. आपला 400 किलोमीटरवर राहतो आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येतो. त्यातून लोकसभेचं मतदान बरेचदा नेमकं आंब्याच्या हंगामात येतं. तेव्हा चाकरमानी घरी, बागायतदार पेट्या भरण्यात, आणि अभ्यासकाला वेळ द्यायला कुणी रिकामं नाही.

पोस्टचे व्ह्यूज आणि लाइक्स मोजले तर?

खूप सोपं, आणि जवळपास निरुपयोगी. व्ह्यू कुठल्या तालुक्यातला ते कळत नाही, पाहणारा मतदार आहे की नववीतला मुलगा तेही नाही. उमेदवार कुठले शब्द वापरतो, कुठले टाळतो, मालवणीत कधी बोलतो आणि प्रमाण मराठीत कधी, यासाठी पोस्ट जरूर वाचा. त्यांचा परिणाम काढायला जाऊ नका.

जाहिरातींवर झालेला खर्च कुठे बघायचा?

तीन जागा आहेत, तिन्ही अर्धवट.

पहिली, मेटाची (फेसबुक–इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीची) जाहिरात लायब्ररी. भारतातल्या राजकीय जाहिराती 2019 पासून तिथे साठवल्या जातात आणि कुणालाही पाहता येतात. एक जाहिरात उघडून निवांत बघा. पैसे कुणी भरले ते नाव, कधी सुरू झाली, कधी थांबली, खर्च आणि किती वेळा दिसली याचे आकडे ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा पट्ट्यात, पाहणाऱ्यांचं वय आणि स्त्री–पुरुष विभागणी. जागेच्या रकान्यात मात्र ‘महाराष्ट्र’. कुडाळात किती दिसली आणि कल्याणात किती, हे तिथून निघत नाही. शिवाय पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात पक्षाचं नाव असेलच असं नाही. ‘अमुक विचार मंच’ छापाची पानं भरपूर, आणि त्यांच्यामागे कोण हे लायब्ररी सांगत नाही. अशा पानांची यादी करून त्यांचा सूर कुणाकडे झुकतो ते तपासणं हाही एक स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो. गूगलचीही अशीच सोय आहे.

दुसरी जागा, उमेदवाराचा खर्चाचा हिशेब. निकालानंतर 30 दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. महाराष्ट्रात लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख ही मर्यादा आहे, आणि ऑनलाइन प्रचाराचा खर्च तिच्यात धरायचा असतो. उमेदवारानं आपली समाजमाध्यमांवरची खाती कोणती हे अर्जासोबतच्या शपथपत्रात लिहायचं असतं, त्यामुळे अधिकृत खाती शोधायला ते शपथपत्र उत्तम.

तिसरी, पक्षाचा हिशेब. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. म्हणून उमेदवाराच्या हिशेबात समाजमाध्यमांपुढे किरकोळ आकडा दिसला तर लगेच ‘चोरी सापडली’ म्हणून नाचू नका. खर्च पक्षानं केलेला असू शकतो, आणि रील बनवणारा पुतण्या फुकटात राबलेला असू शकतो.

बूथनिहाय निकालावरून काही कळतं का?

कळतं, पण सांभाळून. प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते फॉर्म 20 मध्ये असतं आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. ‘ज्या गावात फोर-जी आहे तिथे अमुक पक्ष पुढे’ असा तक्ता विद्यार्थी मोठ्या उत्साहानं आणतात. पण टॉवर असतो हमरस्त्यालगत, बाजारपेठेत. तिथली वस्ती वेगळी, जातींची रचना वेगळी, धंदे वेगळे. सड्यावरच्या धनगरवाडीत किंवा खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात रेंज नाही, पण बाकीही पुष्कळ काही वेगळं आहे. फरक रेंजनं पडला की बाकीच्या कारणांनी, हे तक्ता सांगत नाही. तुलना करायची तर एकाच महसुली गावातल्या, एकाच प्रकारच्या वस्तीच्या दोन वाड्या घ्या, आणि आधीच्या दोन निवडणुकांचे आकडेही शेजारी ठेवा. त्यातही बूथच्या आकड्यावरून एकेका माणसाबद्दल बोलता येत नाही.

2024 चा रत्नागिरी–सिंधुदुर्गचा निकाल मी वर्गात मुद्दाम फळ्यावर मांडतो. राणे 47,858 मतांनी निवडून आले. पण कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत त्यांची आघाडी, तर चिपळूण, रत्नागिरी, राजापुरात राऊत यांची. उमेदवार तेच, रील तेच, गाणी तीच, आणि निकाल दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या खारेपाटणच्या अल्याड एक, पल्याड दुसरा. ऑनलाइन प्रचाराचा झपाटा हेच कारण म्हणणाऱ्यानं आधी या दोन तुकड्यांचा उलगडा करावा.

पण अटीतटीच्या लढतीत थोडासा परिणामही पुरतो ना?

पुरतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. 2014 ला रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांच्यावर 2,110 मतांनी मात केली. त्याच यंत्रावर सुनील तटकरे नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते, त्यांना नऊ हजारांहून जास्त मतं पडली. ‘नोटा’ला त्याहूनही जास्त. एवढ्या कमी फरकात कुठल्याही गोष्टीला निर्णायक ठरवता येतं: नामसाधर्म्य, ऊन, एखादी सभा, एखादा व्हिडिओ. प्रत्येकाचा दावा आकड्यात बसतो. बसला म्हणून खरा ठरत नाही.

मतदारांना काय विचारावं? प्रश्नावली कशी असावी?

छापील मराठीतली प्रश्नावली घेऊन वाडीत गेलात तर छापील उत्तरंच मिळतील. देवगडकडच्या एका वाडीतला प्रसंग पाहा. पडवीत बसून आमसुलं निवडणाऱ्या आजींना प्रकल्प करणाऱ्या मुलीनं विचारलं, “आपण राजकीय माहितीसाठी समाजमाध्यमांचा वापर करता का?” उत्तर आलं, “नाय गो.” रकान्यात ‘नाही’ची खूण झाली. मग चहा आला आणि गप्पांच्या ओघात तिनं सहज विचारलं, “आजी, इतक्यात कुणाचो व्हिडिओ बघितलास?” त्यावर आजी खुलल्या. “सुनेन दाखवल्यान. तो एकटो त्येची नक्कल करता, हसान हसान मेलंय.” आणि मत कुणाला द्यायचं ते? “झील आयतवारी फोन करता, तो सांगता. पन आयकतंय मी माझ्या मनाचा.”

झील म्हणजे मुलगा. आजींचा स्वतःचा फोन बटणांचा. खुणेच्या हिशेबात त्या ऑनलाइन प्रचाराच्या बाहेर. प्रत्यक्षात दोन वाटांनी प्रचार त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, आणि दोन्ही वाटांवर घरचं माणूस उभं होतं. म्हणून ‘वापरता का’ असं विचारू नका. ‘शेवटचं काय पाहिलंत, कुणी दाखवलं, त्यावर घरात कोण काय बोललं’ असं विचारा. उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, प्रमाण मराठीत नंतर करता येतं.

मत कुणाला दिलं, हे विचारावं का?

मतदान गुप्त आहे. वाडीत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं हे खरं, तरी परक्या माणसाच्या वहीत ते नोंदलं जाणं वेगळं. ग्रामपंचायतीत घरकुलाची यादी ज्याच्या हातात, त्याच्या कानावर जाईल ही भीती पोकळ नसते. विचारायचंच असेल तर सर्वेक्षण संस्था करतात तसं करा: कोरी चिठ्ठी द्या, माणसानं स्वतः खूण करावी, घडी घालून बंद डब्यात टाकावी. निकालानंतर विचारलंत तर जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतात, तेही धरून चाला.

आमच्याच वाडीच्या ग्रुपवरचे मेसेज वापरले तर चालतील?

सभासदांना न सांगता, नाही. ग्रुपमध्ये तुम्ही शेजारी म्हणून आहात, अभ्यासक म्हणून नाही. व्हॉट्सॲपवरचं संभाषण बाहेरून कुणाला वाचता येत नाही, म्हणून आतून वाचणाऱ्यावर जबाबदारी जास्त. ॲडमिनला विचारा, ग्रुपवर स्पष्ट लिहा, नको म्हणणाऱ्याचे मेसेज वगळा. नाव, नंबर, फोटो, आडनावावरून ओळख पटेल असं काहीही वहीत येऊ देऊ नका. दीडशे उंबऱ्यांच्या गावात ‘निवृत्त शिक्षक, वय 64’ एवढं लिहिलं तरी माणूस कोण ते सगळ्यांना कळतं.

याहून सोपा आणि मला जास्त आवडणारा मार्ग: चार-पाच जणांना आपापल्या मर्जीनं, आपल्याकडे आलेले राजकीय मेसेज आठवड्यातून एकदा तुमच्याकडे पाठवायला सांगा. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ ही खूण दिसली तर नोंदवा. एखादा मेसेज फार हात फिरून आला आहे एवढं तरी तिच्यावरून कळतं. 2018 मध्ये भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच फॉरवर्डची मर्यादा आली, आणि 2020 पासून ही खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यानं वेग कमी झाला. हौस कमी झाली नाही.

खोटे व्हिडिओ, नकली आवाज यांचा अभ्यास कसा करायचा?

खोटं किती फिरलं यापेक्षा ते कुणी खरं मानलं, आणि का, हे पाहा. सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या निवडणुकीत बिहारमध्ये लोकांना घरी जाऊन, तासभर बसून, खोटी बातमी कशी ओळखायची ते शिकवलं आणि नंतर चाचणी घेतली. सरासरी फरक पडला नाही. ‘जनजागृती शिबिर घ्यावं’ अशी शिफारस प्रकल्पाच्या शेवटी डोळे मिटून ठोकून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

2024 मध्ये आयोगानं पक्षांना सांगितलं की असा बनावट मजकूर आपल्या खात्यावर असल्याचं लक्षात आल्यावर तीन तासांत काढा. तेव्हा पुरावा हवा असेल तर दिसल्याबरोबर तारीख–वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. तो पुढे मात्र पाठवू नका, अभ्यासासाठी म्हणूनसुद्धा नाही.

निवडणुकीच्या काळात काही कायदेशीर भानगड?

आहे, आणि मुलं इथेच अडकतात. मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचाराला बंदी असते, आणि त्या काळात जनमत चाचणीचे आकडे इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून द्यायलाही. मतदानोत्तर चाचणीचे निष्कर्ष तर आयोगानं जाहीर केलेल्या मुदतीत, म्हणजे सगळे टप्पे संपेपर्यंत, कुठेच प्रसिद्ध करता येत नाहीत. 2024 ला कोकणात रत्नागिरी आणि रायगड 7 मे ला मोकळे झाले, पालघरचं मतदान 20 मे ला होतं, आणि देशातला शेवटचा टप्पा 1 जूनला. ‘आमच्या कॉलेजच्या सर्व्हेत अमुक पुढे’ असं स्टेटस मधल्या काळात ठेवणं अंगाशी येऊ शकतं.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीला आधी प्रमाणपत्र लागतं. जिल्ह्याची जी समिती ते काम करते, तिच्याकडे माहिती मागता येते. कर्मचारी कामात बुडालेले असतात, तेव्हा निकालानंतरच जा.

मी स्वतः एका पक्षाचं काम करतो. हा अभ्यास करू शकतो का?

करा, पण पहिल्या पानावर तसं लिहा, आणि मुलाखती दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगा. तुम्ही समोर बसलात की समोरचा तुमचंच ऐकवेल. उलट कार्यकर्ता असण्याचा फायदा दुसऱ्या विषयाला आहे: पक्षाच्या वॉर रूममधून, म्हणजे प्रचाराच्या मुख्य कचेरीतून, आलेला मजकूर बूथप्रमुखापर्यंत येताना कुठे गळतो, कुठे बदलतो. बाहेरच्याला ते कधीच दिसत नाही. अर्थात पक्षाची परवानगी घेऊन.

ग्रामपंचायतीची निवडणूक या विषयाला चालेल का?

चालेल, फक्त विषय बदलेल. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची असते, आणि एका प्रभागात चारशे मतं असतील तर ऑनलाइन प्रचार म्हणजे बहुतेक वेळा भावकीतलं भांडण वाडीच्या ग्रुपवर आलेलं. मजेदार असतं. पण ज्यांच्याबद्दल लिहाल ते रोज एसटी स्टॅंडवर भेटणार आहेत.

नमुना किती मोठा हवा?

पदवीच्या प्रकल्पाला दोन वाड्यांतली चाळीस घरं नीट केलीत तरी पुष्कळ. गूगल फॉर्मवर आलेली चारशे उत्तरं दाखवू नका. तो फॉर्म तुमच्याच मित्रांनी, तुमच्याच ग्रुपवरून, ऑनलाइन भरलेला असतो, आणि मग ‘शंभर टक्के मतदार ऑनलाइन आहेत’ असा निष्कर्ष निघतो. असे प्रकल्प मी पाहिले आहेत. त्यांना चांगले गुणही मिळाले आहेत.

काम संपल्यावर जमवलेल्या मजकुराचं काय करायचं?

फोन नंबर आणि ध्वनिमुद्रणं मूल्यमापन झालं की पुसून टाका, गूगल ड्राइव्हच्या कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. नावं काढलेले तक्ते कॉलेजच्या ग्रंथालयात द्या, म्हणजे पुढच्या निवडणुकीला येणाऱ्या मुलांना तुलनेला काहीतरी मिळेल. आणि ज्या घरांनी वेळ दिला तिथे दोन पानांचा सारांश पोचवा. छापून, मोठ्या अक्षरात.